आत्याकडे फियाटनं: सातारा ते सांगली आणि परत

आदली संध्याकाळ

आत्याचं सहस्रचंद्रदर्शन सांगलीला ठरलं आणि तिनं फोनवर एकच अट घातली. "दादाची फियाट घेऊन ये. एसटीनं आलास तर दार उघडायची नाही."

दादा म्हणजे माझे वडील. फियाट म्हणजे त्यांनी १९७९ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी. कंपनीनं १९७४ मध्ये गाडीचं नाव पद्मिनी केलं, पण आमच्या घरात ती फियाटच राहिली. एरवी ती रविवारी सकाळी शाहूपुरीतून निघते, बोगद्यापर्यंत जाते आणि मी चहा घेतला की परत येते. एका दमात सव्वाशे-दीडशे किलोमीटर जाऊन तिला तीन वर्षं झाली होती.

गाडीची काळजी नव्हती. इंजिन खणखणीत, लायनर नवे, रेडिएटर साफ केलेला. काळजी होती ती बाकीच्यांची. चारही चाकांना ड्रम ब्रेक, बूस्टर नाही, म्हणजे पाय जोर लावून दाबायचा आणि गाडी थांबेल तेव्हा थांबेल. वजन नऊशे किलोच्या आसपास, लांबी चार मीटरच्याही आत. हल्लीच्या उंच गाड्यांचं बॉनेट माझ्या खिडकीला लागतं. दादांनी ही गाडी घेतली तेव्हा रस्त्यावर तिच्याहून मोठ्या फक्त अँबॅसेडर, ट्रक आणि एसटी होत्या. आता ती सगळ्यांत बुटकी.

सोबतीला भाचा. वय चोवीस, पुण्यात नोकरी, सात वर्षांची जुनी एसयूव्ही घेतलेली. ती त्यानं आमच्या फाटकाशी लावली आणि माझ्या मागं उभा राहिला, कारण मी त्याला तिथं उभं केलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी कुणीतरी मागं उभं राहायचं, मी ब्रेक दाबायचा आणि त्यानं सांगायचं, ही दादांच्या वेळची रीत.

"डावा लागतोय. उजवा... मामा, उजवा म्हणजे देव्हाऱ्यातला दिवा आहे."

लाल काचेचे स्क्रू सोडवले. बल्ब चांगला होता. बुडाशी हिरवट-पांढरी पूड आणि होल्डर जिथं पत्र्याला टेकतो तिथं गंज. करंट येतो, पण परत जायला त्याला वाट, म्हणजे अर्थिंग, मिळत नाही. आमचे मिस्त्री अशा वेळी म्हणतात, "दिवा आहे हो, पण त्याला अर्थ नाही." पॉलिश पेपरनं ती बोटभर जागा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासली, बल्बच्या बुडाला दोन फेरे दिले, परत बसवला. भाच्यानं मागून डोळ्यांवर हात धरला. मधल्या काळात किती महिने मी उजवीकडून जवळजवळ अदृश्य फिरत होतो, कोण जाणे.

या गाडीत मी मूळचं फारसं बदललेलं नाही, पण चार गोष्टी बिनधास्त बदलल्या. मागच्या काचेत आतून ब्रेकचा तिसरा दिवा, एलईडीची लाल पट्टी. डाव्या बाजूला आरसा. मूळ गाडीला तो नव्हता. डायनॅमो काढून अल्टरनेटर, म्हणजे दिवसाही दिवे लावून चालवता येतं आणि बॅटरी बसत नाही. आणि पुढच्या दोन्ही सीटना पट्टे. शुद्धतावादी मंडळी नाकं मुरडतात. त्यांच्या गाड्या प्रदर्शनाला ट्रकवर चढून जातात.

पहिला दिवस: आडवाटेनं सांगली

हायवेनं गेलो असतो तर कराड, पेठ नाका, आष्टा करत जेवायच्या वेळेला पोचलो असतो. पण मी कोरेगाव-रहिमतपूर-औंध-विटा-तासगाव असा रस्ता धरला. किलोमीटर जास्त, पण तिथं साठनं चाललं तर कुणी मागून डिपर मारत नाही, असा माझा समज.

माहुलीच्या पुलावर धुकं होतं म्हणून निघायलाच साडेसात केले. कृष्णेवरचं धुकं पातळ झालं की मगच पुढं. धुक्यात पद्मिनीचा मंद पिवळा उजेड आपल्याला रस्ता दाखवायला नाही, दुसऱ्याला आपण दिसावं म्हणून.

कोरेगावपर्यंत भाच्याला एक शिकवलं. पुढची गाडी एखाद्या झाडापाशी आली की मनात "गणपती बाप्पा मोरया" म्हणायला सुरुवात करायची. घाई न करता म्हटलं तर दोन सेकंद जातात. जयघोष पुरा व्हायच्या आत आपण त्या झाडाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. पद्मिनीत मी दोनदा म्हणतो. ताशी साठला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. समोरच्यानं मोबाइलकडं दोन सेकंद बघितलं, तर तेवढ्यात आठ पद्मिनी एकामागे एक उभ्या राहतील एवढा रस्ता त्यानं न बघता कापलेला असतो.

"पण मामा, तुम्ही अंतर ठेवलं की मध्ये कुणीतरी घुसतं."

घुसतंच. आपण ठेवलेलं अंतर मागच्याला रिकामी जागा वाटते. रहिमतपूरच्या अलीकडं एका मोटारसायकलवाल्यानं आमच्यापुढं येऊन तेच केलं. मान खांद्याकडं तिरकी, मान आणि खांद्याच्या मध्ये फोन. मी पाय सोडला, अंतर परत वाढवलं, दुसरा आला, परत सोडला. तासाभरात आठ-दहा वेळा असं झालं असेल आणि आम्ही फार तर चार मिनिटं उशिरा पोचलो. भाच्यानं हे मोबाइलवर मोजलं. तो शेजारी बसला होता, त्याला मुभा होती.

माघ म्हणजे उसाचा हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या आणि ट्रॉलीबाहेर दोन्हीकडं हात-हातभर लोंबणारा ऊस. सकाळच्या उन्हात छान दिसतं. तेच सूर्य मावळल्यावर मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याखाली झाकलेला, वेग पंधराचा. पद्मिनीचे हेडलाइट लागेपर्यंत आपण ट्रॉलीच्या बुडाशी. म्हणून माझा नियम: हंगामात दिवेलागणीच्या आत गाडी मुक्कामी. अशा ट्रॉलीला ओलांडायचं तर मला समोर निदान पाव किलोमीटर मोकळा दिसावा लागतो. चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला तरी ती विचार करून मगच पळते, म्हणून तिसऱ्यात टाकायची, इंजिन ओरडू द्यायचं. मोकळं दिसलं नाही तर मागं राहायचं. उसाचा वास येतो, वेळ जातो.

औंधला यमाईच्या डोंगरावर गाडी चढवली. वर श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं, चित्रं आणि शिल्पं बघायला दोन तास कमी पडतात. याच औंधच्या राजानं दिलेल्या उजाड माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि किर्लोस्करवाडी वसवली. आमच्या भागाला यंत्रांचं वेड जुनं आहे. खाली येताना दुसरा गिअर. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ड्रम तापतात आणि मग पाय नुसता खाली जातो, गाडी ऐकत नाही. इंजिनानं धरून उतरायचं, ब्रेक लागेल तेवढाच, सोडून सोडून. मागं एक नवी गाडी लागली होती, तिला हे कळेना. तिचा हॉर्न पायथ्यापर्यंत वाजत होता.

खरा प्रसंग कडेपूर ते विट्याच्या रस्त्यावर. इथं रस्ता रुंद, नवा आणि सरळ, त्यामुळं सगळे मोकाट. आरशात एक पिकअप दिसली. डिपर नाही, हॉर्न नाही. ती शेजारी आली आणि शेजारीच राहिली. आत तिघं. मधला खिडकीवर ओणवून आमचा व्हिडिओ काढत होता, ड्रायव्हर त्याला कोन मिळावा म्हणून आमच्या वेगानं चालला होता आणि तोही आमच्याकडंच बघत होता. तिघांची तोंडं हसरी. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. आणि पिकअप हळूहळू आमच्या अंगावर सरकत होती, कारण माणूस बघतो तिकडं हात वळतो.

समोरून एसटी येत होती. ती त्या तिघांपैकी एकालाही दिसत नव्हती.

मी डावीकडं घ्यायचं ठरवलं तर साइडपट्टी अर्धा फूट खाली. साठच्या वेगात डावी चाकं तिथं उतरली तर ही गाडी परत वर येत नाही, उलटते. म्हणून रस्ता न सोडता पाय सोडला आणि ब्रेक दाबला, जोरात पण एकदम नाही. पिकअप सर्रकन पुढं गेली, ड्रायव्हरला एसटी दिसली, तो आमच्या पुढच्या जागेत कसाबसा शिरला. मधल्यानं मागं वळून अंगठा दाखवला.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुम्ही म्हणत होता, आपण कुणाला दिसत नाही."

तेच मी त्याला सांगायला विसरलो होतो. बुटकी जुनी गाडी एक तर दिसतच नाही, नाहीतर फार दिसते. आणि फार दिसली की लोकांना फक्त तीच दिसते. यावर तोडगा मी अजून शोधतोय. तूर्तास एवढंच: कुणी शेजारी येऊन रेंगाळलं की वेग कमी करून त्याला पुढं घालवायचं. हसायचं नाही, हात हलवायचा नाही. हात हलवला की तो थांबतो. भाच्याला ते जमेना, तो स्वभावानंच हात हलवणारा.

विट्यात चहा. शेजारच्या बाकावर सुट्टीला आलेले एक गलाईवाले होते. विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. हे आंध्रात होते. "तिकडं ही गाडी लग्नात वरातीला लावतात," म्हणाले. भाच्याचा चेहरा उजळला. मी विषय बदलला.

तासगावात द्राक्षांच्या बागा, बेदाण्याच्या शेडा, गणपतीचं सात मजली गोपूर दुरूनच पाहिलं आणि पाचच्या आत विश्रामबागेत आत्याच्या दारात.

आत्या अंगणात उभी होती. आम्हाला ओवाळलं नाही. आधी गाडीला हळद-कुंकू, मग चाकाखाली लिंबू, मग आमची चौकशी.

दुसरा दिवस: सांगली

समारंभ सकाळी आटोपला. त्याचं वर्णन इथं करत नाही; लाडू उत्तम होते.

दुपारी आत्तेभावाच्या ओळखीचे एक गृहस्थ त्यांची स्टँडर्ड हेराल्ड घेऊन आले. मद्रासला बनायची ही गाडी, साठच्या दशकातली, दोन दारांची. पद्मिनी तिच्यापुढं धिप्पाड वाटते. तिचं अख्खं बॉनेट मडगार्डासकट पुढच्या बाजूला उलटं उघडतं, सुसरीनं आ वासावा तसं. आणि वळते इतक्या थोडक्यात की गल्लीत एका दमात उलटी फिरते.

त्या गृहस्थांनी पंचवीस-तीस वर्षं ती सांगलीत चालवली आहे. त्यांनी एक सांगितलं ते मला नवं होतं. हेराल्डच्या मागच्या चाकांची रचना अशी की वळणात वेगानं शिरून मध्येच ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक मारला, तर मागचं बुड वर उचलतं, चाकं आत दुमडतात आणि गाडी फिरते. म्हणून वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात पाय स्थिर. "त्यामुळं काय झालं," ते म्हणाले, "समोरून वळणात कोण चुकीचं येणार, याचा विचार मला वळणाच्या अलीकडंच करावा लागतो. वळणात विचार करायची सोय या गाडीत नाही." चहा पिता पिता ते दोनदा उठून गाडीचं दार पुसून आले.

संध्याकाळी आत्याला गणपतीला न्यायचं होतं. तिला पुढं बसवलं आणि पट्टा लावायला लागलो.

"हे काय?"

"पट्टा, आत्या."

"मी काय दावणीची म्हैस आहे? दादानं कधी बांधलं नव्हतं कुणाला."

"तेव्हा रस्त्यावर माणसं समोर बघून चालवत होती."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "घट्ट नको करू. शालू चुरगळेल."

विश्रामबागेतून वालचंद कॉलेजवरून जाताना भाच्याला सांगितलं, की या कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्याच वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि ही गाडी त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात झाली. तो याच कॉलेजात चार वर्षं शिकलेला. त्याला माहीत नव्हतं.

गावात शिरलं की वेग वीस-पंचवीस, मरणाची भीती नाही, पण ओरखड्यांची आहे. इथं माझं लक्ष रस्त्यापेक्षा उभ्या गाड्यांच्या ड्रायव्हरच्या खिडकीवर असतं. आत डोकं दिसलं की दार उघडणार असं धरायचं. पुढची चाकं वळलेली दिसली की ती गाडी न बघता बाहेर येणार. गणपती पेठेत असं दोनदा झालं. एकदा दार, एकदा रिव्हर्स. दोन्ही वेळी मी थांबलेलोच होतो, म्हणून दोन्ही वेळी समोरच्यालाच दचकायला झालं. दचकून ते ओरडले आणि मग गाडी बघून हसले. जुन्या गाडीचा हा एक फायदा मान्य केला पाहिजे.

देवळाकडं वळताना इंडिकेटर दिला, शिवाय सवयीनं उजवा हात बाहेर काढला. दादा तसंच करायचे. आत्या म्हणाली, त्या काळी हा हात दिसला की मागची सायकलवाली माणसं पाय टेकून उभी राहायची. मी हात बाहेर काढून धरलेला, तेवढ्यात मागून स्कूटीवरचं एक पोरगं आलं आणि माझ्या तळव्यावर खणखणीत टाळी देऊन निघून गेलं.

आत्या इतकी हसली की देवळाच्या दारात तिला दोन मिनिटं उतरताच येईना. मी हात आत घेतला. तेव्हापासून बाहेर काढलेला नाही.

येताना १९२९ च्या आयर्विन पुलावरून चालत एक फेरी मारली, मग हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर गेलो. हरिपूरचा रस्ता अरुंद, दोन्हीकडं झाडं. समोरून येणाऱ्या प्रत्येकाचा हेडलाइट थेट डोळ्यात. उंच गाड्यांचा साधा उजेडसुद्धा आमच्या डोळ्यांच्या रेषेत येतो, त्यात ते पांढरे एलईडी. त्याकडं न बघता रस्त्याच्या डाव्या कडेकडं बघत चालवायचं आणि पायी माणूस असणारच असं समजायचं. होता. काळी घोंगडी पांघरून, आमच्याकडं पाठ करून, फोनवर बोलत.

तिसरा दिवस: हायवेनं परत

भाच्याला रात्रीपर्यंत पुणं गाठायचं होतं, म्हणून आडवाट रद्द. आष्टा, मग इस्लामपूर, ज्याला आता ईश्वरपूर म्हणायचं, मग पेठ नाका आणि हायवे.

चौपदरी हायवेवर मोटारींना शंभरची मर्यादा आहे. मी पंचावन्न-साठ. कागदावर बरोबर आहे: हळू चालणाऱ्यानं डावीकडून जावं. पण डावीकडं कोण असतं? ट्रॅक्टर, उभे ट्रक, भाजी घेऊन राँग साइडनं येणारी मोटारसायकल, आणि तिच्यापाठोपाठ तिच्या घरचे. उजवीकडं चाळीसच्या वेगानं मालवाहू ट्रक, तो तिथून हलत नाही. सगळं जग त्याला डावीकडून ओलांडतं. या सगळ्यात साठवाल्या पद्मिनीनं कुठं राहायचं, हे कुणी ठरवलेलं नाही.

मलकापूर-कराडला सहापदरीकरणाचं काम, डायव्हर्शन, धूळ. अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. आणि इथं मला कबूल करायला हवं, की या तीन दिवसांत सगळ्यांत बेसावध ड्रायव्हर मीच निघालो. रांगेत रेंगाळून टेम्परेचरचा काटा चढत होता. मी काट्याकडं बघत होतो, मग पंख्याचा आवाज ऐकत होतो, मग परत काटा. जुनी गाडी ही स्वतःच एक मोबाइल आहे, सारखी काहीतरी सांगत असते.

"मामा! ब्रेक!"

पाय खाली गेला, गाडी थोडी डावीकडं ओढत थांबली. समोर उसाची ट्रॉली. बॉनेट आणि उसाचे बुडखे यांच्यात वीतभर अंतर. एक टिपरू आमच्या पुढच्या दिव्याला लागलंच होतं, काच वाचली.

मी ब्रेकला दोन्ही पाय लावून बसलो होतो, म्हणजे क्लच दाबलाच नव्हता, इंजिन बंद पडलं होतं. मागं हॉर्न सुरू झाले. भाचा उतरला, मागं जाऊन हात दाखवून लोकांना बाजूनं काढू लागला, अगदी ट्रकच्या क्लीनरसारखा. परत आल्यावर म्हणाला, "काटा मी बघतो. तुम्ही रस्ता बघा." पुढं दर पाच मिनिटांनी तो "निम्म्यावर" किंवा "निम्म्याच्या जरा वर" असं सांगत राहिला. एवढी साधी वाटणी मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

प्रीतिसंगमावर गाडी सावलीत लावून तासभर थांबलो. कोयना आणि कृष्णा इथं समोरासमोर येऊन मिळतात, यशवंतरावांची समाधी आहे, वारा चांगला. रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत उघडलं नाही.

उंब्रजच्या पुढं एक ट्रक उजवीकडं होता, मी डावीकडं, माझ्या माझ्या वेगानं. चढ लागला तसा तो मंदावला आणि मी न ठरवता त्याच्या शेजारी आलो, त्याच्या केबिनच्या थोडा मागं. मला त्याच्या डाव्या आरशात त्याचा चेहरा दिसत नव्हता. हे मला कळलंही. ड्रायव्हरचा चेहरा दिसत नाही म्हणजे त्याला आपण दिसत नाही, हे मीच भाच्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पाय सोडायचा विचार करेपर्यंत मागून आराम बसनं त्याला हॉर्न दिला आणि त्यानं तिला वाट द्यायला डावीकडं घेतलं. इंडिकेटर दिला, नाही असं नाही. तो माझ्या टपाच्या वर कुठंतरी लुकलुकत होता.

ब्रेक, डावीकडं, शोल्डर. सुदैवानं तिथं डांबर सपाट होतं आणि कुणी उभं नव्हतं. माझा हॉर्न वाजत होता, पण तो ट्रकच्या आवाजात ऐकू जाण्यासारखा नाही. ट्रक पुढं निघून गेला. त्याला काही झाल्याचंच माहीत नव्हतं.

अतीतला चहाला थांबलो तर तोच ट्रक टपरीपाशी उभा. भाचा तणतणत निघाला. मी त्याला धरलं आणि स्वतः गेलो. ड्रायव्हर पन्नाशीचा, सोलापूरकडचा, चहात बटर बुडवत होता. मी सांगितलं तसा त्याचा हात थांबला.

"कंची गाडी? ही? आरशात बघितलं की ओ मी. मोकळं व्हतं."

"मी तिथंच होतो."

त्यानं बटर खाली ठेवलं. "या वर," म्हणाला.

मी केबिनमध्ये चढलो, त्याच्या सीटवर बसलो. त्यानं भाच्याला पद्मिनी ट्रकच्या डाव्या बाजूला, केबिनच्या जरा मागं, हातभर अंतरावर आणून लावायला सांगितलं. मी आरशात बघितलं. रस्ता, टपरीचं छप्पर, एक कुत्रं. डाव्या खिडकीतून बघितलं. आकाश आणि हायवेच्या पलीकडचा डोंगर. सीटवरून अर्धा उठून मान ताणली तेव्हा खिडकीच्या खालच्या कडेला रंगाची एक रेघ दिसली. तो माझ्या गाडीचा टप. सत्तेचाळीस वर्षांची गाडी, मी, भाचा, मागच्या सीटवर आत्यानं दिलेला भडंगाचा डबा आणि हळदीची पिशवी, एवढं सगळं त्या रेघेत.

"दिसलं?" ड्रायव्हरनं खालून विचारलं.

"रेघ दिसली."

"मंग." तो म्हणाला. चहाचे पैसे त्यानं देऊ दिले नाहीत. निघताना एवढंच म्हणाला, की शेजारी येऊ नका, एक तर पार मागं राहा न्हाईतर झटकन पुढं जावा. माझ्या गाडीला झटकन जाता येत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. म्हणजे उरलं फक्त मागं राहणं.

अतीत ते शेंद्रे आम्ही त्याच्याच मागं राहिलो. दोन जयघोषांचं अंतर. मध्ये लोक घुसत होते, मी पाय सोडत होतो. वाटेत आत्याचा फोन आला तो भाच्यानं घेतला. "मामा बोलणार नाहीत, चालवतायत." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. "आत्याआजी म्हणते, पट्टा लावलाय का विचार."

चारला शाहूपुरीत. गाडी शेडमध्ये घेतली, हातब्रेक नाही, पहिल्या गिअरवर सोडली, चाकाला वीट लावली. इंजिनाखाली नेहमीच्या जागी नेहमीचा ऑइलचा थेंब पडला. भाच्यानं भडंगातला त्याचा वाटा काढून घेतला, मामीच्या हातचा चहा उभ्याउभ्या प्यायला आणि फाटकाशी त्याच्या एसयूव्हीत जाऊन बसला. इंजिन सुरू केलं, काच खाली केली.

"मामा, जरा मागं उभं राहा की."

मी मागं जाऊन उभा राहिलो. त्यानं ब्रेक दाबला.

डावा लागत नव्हता.